हेमिशची हाक

हेमिशला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आमच्या ड्राइव्हवेवर उताणा पडलेला होतो. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधला जानेवारी. वरून भुरभुरीत बर्फ, खाली काचेसारखा कडक थर. फावडं एकीकडे गेलं होतं, चष्मा दुसरीकडे. समोरच्या घरातून एक उंच, हडकुळा म्हातारा आला, माझ्याजवळ उभा राहिला आणि कोंबडी बघते तसा मान वळवून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिला. हात पुढे केला नाही. काहीतरी म्हणाला, ते मला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.

"तुला पडता येत नाही."

"पडलोच की," मी म्हणालो.

"आपटलास. पडणं वेगळं."

मग चष्मा उचलून दिला, मला उठवलं आणि न विचारता माझा उरलेला ड्राइव्हवे साफ करून गेला.

एप्रिलमध्ये हिरवळ दिसायला लागली तशी त्यानं माझी शिकवणी सुरू केली. आधी मांडी, मग कंबर, मग खांदा. हात टेकायचा नाही, टेकला की मनगट गेलं. मी सहासष्ट वर्षांचा, नुकताच नोकरीतून मोकळा झालेला मेकॅनिकल इंजिनिअर, आणि तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही दोघं लॉनवर आळीपाळीनं पडत होतो. तो पडला की आवाजच होत नसे. ओला टॉवेल दोरीवरून घसरावा तसा तो खाली जायचा. सुनंदा, माझी बायको, दारातून म्हणाली, "अहो, लोक बघतायत!" हेमिशला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण सूर कळला. त्यानं तिलाही बोलावलं. ती आत पळाली.

इतक्या वयाच्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची हे सुनंदाला जमेना. तिनं त्याला 'हेमिशराव' केलं. ते त्याला आवडलं. कुणी नाव विचारलं की तोही ऐटीत 'हेमिशराव' सांगायचा.

तो गोलकीपर होता. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, मासळीवर जगणाऱ्या एका छोट्या गावाचा क्लब, आणि त्या एकाच क्लबकडून एकवीस हंगाम. दिवसा बसडेपोत इंजिनं दुरुस्त करायची, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. एकदा राष्ट्रीय संघात राखीव म्हणून बोलावणं आलं होतं. तेव्हा घोंगडी पांघरून नव्वद मिनिटं बाकावर बसला आणि रात्रीच्या गाडीनं परत आला. सोमवारी डेपोत हजर. बायको वारल्यावर मुलगी, फिओना, त्याला इकडे घेऊन आली. ती आणि तिचा नवरा दोघंही रोज सकाळच्या ट्रेननं शिकागोला जात, आणि हेमिश दिवसभर एकटा असे.

त्याच्या दहा बोटांतली सात कधी ना कधी मोडलेली होती. डाव्या हाताची करंगळी तर रस्ता दाखवावा तशी बाहेर वळलेली. सुनंदानं त्याला नमस्कार शिकवला, पण त्याचे तळवे कधी जुळले नाहीत. मधून उजेड दिसायचा. साधा चहाचा कप घेतानासुद्धा तो दोन्ही हातांनी घ्यायचा. टीव्हीवर मॅच बघताना आवाज बंद, कारण गर्दीचा आवाज ऐकला की त्याला बसवत नसे. आणि बघायचा फक्त गोलकीपरकडे. दुसऱ्या टोकाला गोल झाला तरी याला पत्ता नसे. मी हसलो तर म्हणाला, "तिकडे काय चालतं ते मला एकवीस वर्षं नीट कळलं नाही."

एक वाक्य तो पुष्कळदा म्हणायचा. "दहा जणांच्या चुका माझ्यापाशी येऊन थांबतात. माझी चूक अडवायला माझ्यामागे कुणी नसतं."

मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांना ऐकवायचो. म्हणताना तो कुठे बघतो याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला मी त्याला घेऊन गेलो. दोन आइसबॉक्स ठेवून गोल केला, आणि ज्याला हौस असेल त्यानं मारायचं. हेमिशरावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. कुणी डॉक्टर, कुणी सॉफ्टवेअरवाले, सगळे पोटं सावरत धावत यायचे आणि मारायचे, आणि हा दोन पावलं टाकून चेंडू छातीशी घ्यायचा. लोक टाळ्या वाजवत होते. मग माझी मुलगी केतकी पुढे आली. ती इथेच जन्मलेली, कॉलेजात सॉकर खेळलेली, आता फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं पहिला त्याच्या डावीकडे मारला. त्यानं घेतला. दुसरा उजवीकडे, गेला. तिसराही उजवीकडे, हळूच, अगदी हातभर अंतरावरून. तोही गेला. चेंडू पार झाल्यावर त्यानं मान वळवली.

केतकीनं चौथा मुद्दाम आकाशात मारला आणि हसत परत आली. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ही कान्ट सी ऑन हिज राइट. अ‍ॅट ऑल."

"वय झालंय गं त्यांचं."

"नो, बाबा. हे जुनं आहे. ही हॅज लर्न्ड टु हाइड इट."

मी त्याला काही विचारलं नाही. दोन वर्षं विचारलं नाही. मग त्याचा चांगला डोळा, डावा, बिघडायला लागला. सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या, माणसांच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायला क्लिनिकला जावं लागे. फिओनाला दर वेळी सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी ड्राइव्ह करतो, मला कुठे काय काम आहे!

जाऊन-येऊन तासभराचा तो रस्ता. त्याच रस्त्यावर, फेब्रुवारीत कधीतरी, समोर बर्फ वितळवायच्या मिठानं पांढरा झालेला हायवे असताना, तो आपण होऊन बोलला.

"उजवा डोळा कधी गेला ते तू मला विचारलं नाहीस."

"तुला सांगायचं असतं तर सांगितलं असतंस."

"चौतिसाव्या वर्षी गेला. चेंडूवर झेप घेतली आणि एकाचा बूट डोळ्यावर बसला. आठवड्यानं सूज उतरली. उजेड आणि सावली, एवढंच उरलं होतं."

"आणि खेळत राहिलास?"

"पाच हंगाम. एक पाऊल उजवीकडे सरकून उभं राहायचं आणि मान वळवून ठेवायची. डॉक्टरांचा तक्ता पाठ केला होता. घरी बायकोला ठाऊक होतं. बाकी कुणालाच नाही."

मी काहीतरी कौतुकाचं बोललो. मग त्यानं कॉलिनची गोष्ट सांगितली.

कॉलिन बावीस वर्षांचा होता, बचावफळीत खेळायचा. गावचाच. हंगामाची शेवटची मॅच होती आणि बरोबरी राखली तरी क्लब त्या विभागात टिकणार होता. शेवटची काही मिनिटं. चेंडू उजव्या बाजूनं उंच आला. कॉलिन तो डोक्यानं मारून बाहेर घालवणार, एवढ्यात हेमिश ओरडला, "कीपर!" म्हणजे चेंडू माझा, तू बाजूला हो. ती हाक आली की बचावपटूनं थांबायचं असतं, ते लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. कॉलिन थांबला. आणि हेमिशला चेंडू दिसेनासा झाला.

"होता, आणि मग नव्हता. मी जिथे झेप घेतली तिथे काहीच नव्हतं. मागे त्यांचा एक पोरगा उभा होता. त्यानं नुसता पाय लावला."

क्लब खालच्या विभागात गेला. कपडे बदलायच्या खोलीत कॉलिन म्हणाला, हेमिशनं हाक दिली म्हणून मी सोडला. मॅनेजरनं हेमिशकडे बघितलं आणि विचारलं, "दिलीस हाक?"

गाडीत मी आणि तो. बाहेर वायपरचा आवाज.

"हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग घेतला का नाहीस. मग डोळा. मग संपलंच. सोमवारपासून मी नुसता डेपोतला मेकॅनिक. मी म्हणालो, नाही."

एवढंच. एक शब्द. सतरा वर्षं इमानदारीनं खेळलेल्या माणसाचा शब्द, त्यावर कोण शंका घेणार? कॉलिन ऐन वेळी कचरला आणि वर खोटं बोलला, असं गावानं ठरवलं. त्या उन्हाळ्यात क्लबनं त्याला सोडून दिलं. बाजारात लोक त्याच्याकडे पाठ फिरवायचे. वर्षभरात तो गाव सोडून इंग्लंडच्या उत्तरेला कुठल्याशा कारखान्यात गेला. हेमिश आणखी चार हंगाम खेळला. निरोपाच्या मॅचला सगळं गाव लोटलं होतं.

"आता पत्र लिहायचंय," तो म्हणाला. "दिसतंय तोवर. माझ्या हातानं."

मी म्हटलं, सांग, मी टाइप करून देतो. त्यानं नुसती मान हलवली.

पत्र त्यानं आमच्या डायनिंग टेबलावर लिहिलं, कारण घरी फिओनाला दिसलं असतं. जाड काळा मार्कर आणि मोठे कागद. एका कागदावर चार-पाच ओळी मावायच्या. ओळ उताराला लागायची, अक्षरावर अक्षर चढायचं. मग तो कागद बाजूला करायचा आणि नवा घ्यायचा. आठवडाभर रोज यायचा. सुनंदा थालीपीठ करून ठेवायची, ते थंड होऊन जायचं. आम्ही दोघं त्या खोलीत जातच नव्हतो. एकदा सुनंदा पाणी द्यायला गेली आणि डोळे पुसत बाहेर आली. "काही वाचलं नाही हो मी," ती म्हणाली. "नुसतं त्यांना लिहिताना पाहिलं."

क्लबच्या जुन्या सेक्रेटरीकडून पत्ता मिळाला. लिफाफ्यावर तो मी घातला. उत्तर आमच्याच पत्त्यावर मागवलं होतं.

पाच-सहा आठवड्यांनी ते आलं. इंजेक्शनचा दिवस होता. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये मी गाडी थांबवली आणि म्हटलं, उत्तर आलंय, परत जाताना वाचू या का?

"आधी वाच."

एकच पान होतं, निळ्या शाईत. मी वाचायला लागलो.

हेमिश, पत्र मिळालं. तुझी हाक मला ऐकू आली होती. तू नाही म्हणालास तेव्हा मला वाटलं, गर्दीतला आवाज असेल. नंतर वाटलं, मी घाबरलो असेन आणि हाक मीच मनात रचली असेल. चाळीसहून अधिक वर्षं मी स्वतःला तसाच माणूस समजत आलो. बायकोलाही तसंच सांगितलं. माझे वडील त्या दिवसानंतर मैदानावर गेले नाहीत. ते वारले तेव्हाही त्यांना माझी लाज वाटत होती. आता तुझे डोळे चाललेत, म्हणून तुला आठवण झाली. मला सांगून तुला हलकं वाटणार असेल, तर ते काम माझ्याकडून होणार नाही. गावाला सांगितलं असतंस तर गोष्ट वेगळी होती.

मी थांबलो. कागदाची घडी घालायला लागलो.

"अजून आहे," हेमिश म्हणाला.

"नाही, संपलं."

"मोहन, वाक्य संपल्यावर माणूस श्वास सोडतो. तू धरून ठेवलायस. वाच."

मी वाचलं. परत लिहू नकोस.

त्यानं मान डोलावली. सीटबेल्ट काढला, दाराची कडी चाचपडली आणि क्लिनिकमध्ये गेला. त्या दिवशी इंजेक्शनच्या वेळी हजर असलेली नर्स मला म्हणाली, आज त्यांनी डोळा जराही मिटला नाही.

त्याच वसंतात त्याच्या क्लबचा फोन आला. गोलच्या मागच्या बाजूला नवं फाटक बांधत होते, त्याला हेमिशचं नाव द्यायचं होतं. समारंभाला त्यानं यावं. फिओना आनंदानं वेडी झाली होती. रजा टाकली, तिकिटं काढली, वडिलांना नवा कोट घेतला. आम्हाला सांगायला घरी आली तेव्हा हेमिश आमच्या सोफ्यावर बसून हातातला कप फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला आणि गावच्या साप्ताहिकाचा नंबर लावून द्यायला सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरातून, स्पीकरवर. एक तरुण बातमीदार मुलगी होती. तिला वाटलं, फाटकाबद्दल मुलाखत. हेमिश उभा राहून बोलला.

"मी हाक दिली होती. कॉलिननं माझं ऐकलं म्हणून तो थांबला. मला चेंडू दिसला नाही, कारण माझा उजवा डोळा गेलेला होता. नंतर मी खोटं बोललो. हे सगळं छाप. फाटकाचं नको छापूस."

ती थोडी गडबडली. "पण इतक्या वर्षांनी? का?"

"कारण त्याचे कान ठीक होते," हेमिश म्हणाला. "गावाला ते कळू दे."

छापून आलं. क्लबनं फार सभ्यपणे कळवलं की समारंभ तूर्त पुढे ढकललाय. पुन्हा कधी त्याची तारीख आली नाही. क्लबमधला एक जुना मित्र दर रविवारी फोन करायचा. तोही बंद झाला. हेमिश दोन-तीन रविवार फोन मांडीवर घेऊन बसलेला मी खिडकीतून पाहिला.

आणि फिओना आमच्याकडे आली. कामावरून तशीच, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. "तुम्हाला माहीत होतं?" तिनं मला विचारलं. मी हो म्हणालो.

"कॉलिनची भाची माझ्या वर्गात होती," ती म्हणाली. "मी सात वर्षांची होते. आम्ही तिला रोज रडवायचो. तुझा मामा पळपुटा, तुझा मामा पळपुटा. मी सगळ्यात मोठ्यानं म्हणायचे, कारण मी कुणाची मुलगी होते. माझा बाप घरी जेवणाच्या टेबलावर ते ऐकायचा. माझ्याच तोंडून ऐकायचा. आणि मला बटाटे वाढायचा."

सुनंदानं तिला जवळ घेतलं. तिचे वडील रस्त्यापलीकडच्या घरात एकटे बसले होते, आणि मी तिला इतकंसुद्धा सांगू शकलो नाही की जा, त्यांच्याशी बोल.

पुढे ती त्याचं सगळं करत होती. औषधं, जेवण, डॉक्टरांच्या वेळा. पण दोघांतलं बोलणं आटलं. त्या घराच्या ओट्यावर पूर्वी बापलेक कॉफी घेऊन वाद घालत बसायची. आता तो एकटा बसायचा, दोन्ही हातांत कप धरून.

कॉलिननं ती बातमी वाचली का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मी एकदा म्हटलं, कात्रण पाठवू या का?

"लिहू नकोस म्हणालाय," हेमिश म्हणाला. तेवढं कॉलिनचं त्यानं ऐकलं.

हिवाळा आला तोवर इंजेक्शनांचा उपयोग संपला होता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. परत येताना मी रेडिओ लावला, त्यानं बंद करायला सांगितलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आता कोणत्याच बाजूनं काही येताना दिसत नाही. झोप बरी लागते त्यामुळे." मला वाटतं, तो विनोद करत होता. मी हसलो नाही.

फिओनाची टेक्सासमधल्या फ्रिस्कोला बदली झाली. तिथे घर मिळालं, नवं, एकमजली, म्हाताऱ्या माणसाला सोयीचं. मार्चमधल्या एका शनिवारी सामानाचा ट्रक येऊन गेला. आदल्या दिवशी हेमिश निरोप घ्यायला आला होता. सुनंदानं डबा भरून दिला. त्यानं आपले न जुळणारे हात जोडले. मला म्हणाला, "तिकडे बर्फ नाही म्हणे. पडायचं कसं ते कुणाला शिकवू?" मी त्याला मिठी मारली. हाडंच हाताला लागली.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दारात उभे राहिलो. फिओनानं त्याला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. गाडी मागे घेताना ती आमच्याकडे बघून ओझरतं हसली. गाडी वळली आणि हळूहळू रस्त्याला लागली. मागची काच खाली झाली आणि हेमिशनं हात बाहेर काढला, ती वाकडी करंगळी वर करून, आणि जोरजोरात हलवायला लागला. गाडीच्या पलीकडच्या बाजूला, त्यांच्याच मोकळ्या घराकडे तोंड करून. तिथे कुणी नव्हतं. लॉनवर मळका बर्फ आणि घरविक्रीची पाटी.

"अहो, तिकडे जा ना," सुनंदा म्हणाली. "तिकडे जाऊन उभे राहा."

मी स्लिपरांवरच निघालो. गुडघा साथ देत नव्हता. रस्ता ओलांडून त्यांच्या घरापुढे पोचलो, हात वर केला आणि त्याला मोठ्यानं हाक मारली. गाडी कोपऱ्यावर वळत होती. काच वर गेली होती.

मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. मग पायाखालचं बघत सावकाश परत आलो.